गुडघ्यांवरून दिसलेली खोली

सेतुबालमध्ये अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर
मंगळवारी आणि गुरुवारी, रात्री आठ ते दहा,
आम्ही नऊ जण रिकामी खोली काढायला शिकतो.
मध्येच खाली घंटा होते, बंब बाहेर पडतो
आणि सगळ्यांच्या रेषा एकदमच हलतात.

ग्रासिएत सव्वीस वर्षांची.
पहिल्या दिवशी तिनं फळ्यावर एक टिंब दिलं.
तुमच्यापासून लांब जाणारी प्रत्येक कड
इथं येऊन संपते, म्हणाली,
छताची, जमिनीची, कपाटाच्या फळीची.
आमच्या भाषेत या टिंबाला पलायनबिंदू म्हणतात.
पळायचं तर पळा,
पण सगळ्यांनी एकाच दारातून.

ओलेगारियु माझ्या उजवीकडे बसतो.
चाळीस वर्षं फरशा बसवल्या त्यानं सादुच्या दोन्ही काठांवर:
स्वयंपाकघरं, न्हाणीघरं, एका दंतवैद्याचा दवाखाना.
गुण्या, सूत, पाणसळ.
नव्वद म्हणजे नव्वद.
टिंबाकडे बघून त्यानं पट्टी खाली ठेवली.
"असं काम केलं असतं ना मी, तर
गिऱ्हाइकानं दारात उभं केलं नसतं."

दोन आठवडे तो चौकोनच काढत राहिला,
नेमके, सारखे, अठ्ठेचाळीस.
त्याची जमीन
भिंतीसारखी उभी राहायची.

माझी गत वेगळी.
मी कोपऱ्याकडून बघायची खोली घेतली, दोन बिंदूंची.
डावा बिंदू कागदात मावला,
उजवा कागद सोडून, मेज सोडून
थेट ओलेगारियुच्या कॉफीच्या कपाखाली गेला.
ग्रासिएतनं तिथं चिकटपट्टी लावून फुली मारली:
"इथं हिची खोली संपते. सांडू नका काही."
तेव्हापासून तो कप पलीकडे ठेवतो.
मी औषधाच्या दुकानात काम करते.
माझ्या कुठल्याच गोष्टीसाठी कुणी
एवढी जागा सोडली नव्हती.

मग एका गुरुवारी त्यानं विचारलं:
रेषा भेटतात, मान्य.
पण मागची फरशी पुढचीपेक्षा किती लहान?
कोण ठरवतं? अंदाज?
ग्रासिएत म्हणाली, पहिली एक काढा
आणि तिच्या कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ मारून
तशीच पुढे न्या, थांबू नका.
जिथं ती कापेल, तिथं पुढची ओळ.

तो गप्प झाला.
मग इतका हसला की खालून कुणीतरी जिन्यात डोकावलं.
रोज संध्याकाळी हेच करायचा तो, घरी निघण्याआधी:
सूत कोनाकोनी ताणायचं.
एक जरी सांधा सुताला चुकला
तर उकर, पुन्हा बसव.
आता फरशा तिरप्या झाल्या, पसरट झाल्या,
लांब जाता जाता नखाएवढ्या झाल्या,
पण सूत तसंच, सरळ.
"हे आधी का नाही सांगितलंस, पोरी?"

शेवटचा अभ्यास: ओळखीची एक खोली.
आमची क्षितिजं दाराच्या वरच्या बिजागरीपाशी,
उभ्या माणसाच्या डोळ्यांएवढी.
त्याचं, मुठीच्याही बरंच खाली.
टेबलाची खालची बाजू दिसत होती, तिचे स्क्रूसुद्धा,
बेसिनचं पोट, त्यामागचा गंजका पाइप,
आणि घरमालकीण: सपाता, पोटऱ्या, ॲप्रन,
पुढे उंचच उंच.
चेहरा कागदाबाहेर.

ग्रासिएत म्हणाली, क्षितिज चुकलंय का तुमचं?
"नाही. खोली मी इथूनच बघितलीय.
उभा राहायचो तेव्हा काम संपलेलं असायचं."

ती काही बोलली नाही.
हातातला खडू मेजावर ठेवला
आणि दोन मेजांच्या मधे गुडघ्यांवर बसली,
मान वळवून, एक डोळा मिटून,
बराच वेळ.

"इथं खाली च्युइंग गम आहेत," तिचा आवाज आला.
"सात. नाही,
आठ."