जुळवाजुळव

तपकिरी पाकीट पायपुसण्यावर पालथं पडलं होतं.
दोन दिवस मी त्याला ओलांडून गेलो.
तिसऱ्या पहाटे टेम्वाने उचललं,
रात्रपाळीहून येताना, बूट हातात घेऊन.
"मिस्टर ऑक्स्टबी, सरकारला तुमचा हिशेब हवाय," म्हणाली,
"आणि वहीतला चालणार नाही."

एक्केचाळीस वर्षं मी पियानो सुरात लावतोय,
लाऊथपासून स्केगनेसपर्यंत. चॅपलं, शाळा, एक पब
जिथे झाकणावर बिअर सांडलेली असतेच.
वरचा मजला भाड्याने देतोय त्याची अकरा.
सगळं बिस्किटांच्या डब्यात.
जानेवारीत डबा उघडायचा, एकदाच घाम फुटायचा, संपलं.
आता म्हणे दर तीन महिन्यांनी, फोनवरून.
मोठ्यांपासून सुरुवात झाली होती,
मर्यादा उतरत उतरत आमच्या उंबऱ्याशी आली.

मी कुरकुरलो. ती म्हणाली,
"गिऱ्हाइकांना काय सांगता तुम्ही?"
सांगतो, वर्षभर थांबू नका. तार गुपचूप उतरते,
रोज ऐकणाऱ्याला कळत नाही.
"मग?"
मग काय. किटली ठेवली.

रविवारी टेबलावर डबा पालथा केला.
अर्ध्या पावत्या कोऱ्या,
गुळगुळीत कागदावरची अक्षरं उजेडाने खाल्लेली.
मी हुंगून ओळखू लागलो: ही फेल्टची, ही डिझेलची.
"वास अपलोड होत नाही," टेम्वा म्हणाली.
उरलेल्या एकेक तिने तळव्याने सपाट केल्या,
पट्टी बांधावी तशा,
फोन धरला. टिक.
पोलादी तार, अठरा पौंड. टिक.
नळाचा वायसर, दोन वीस. "हा माझा नळ." टिक.
मग भाडं. तेही तिनेच भरलं,
टी. न्यिरेंडा, टी. न्यिरेंडा,
स्वतःचं नाव माझ्या उत्पन्नाच्या रकान्यात
जरा मोठ्याने वाचत.

हात बसावा म्हणून मागच्या वर्षाची वही घेतली.
ॲप बँकेत डोकावून येतं आणि चुगली करतं.
नोव्हेंबरला अडलं.
लाल अक्षरं: जुळत नाही.
वहीत माझ्या हाताने 'भाडं मिळालं'.
बँकेत काही नाही.

त्या नोव्हेंबरात म्झुझूला तिची आई गेली,
तिकिटात अख्खा पगार गेला.
मी जिन्यात म्हणालो होतो, राहू दे.

"मिळालं नाही, तर लिहिलं कशाला?"
रकाना मोकळा दिसला असता.
"आणि कर भरलात यावर?"
थोडासा.
फ्रीज खर्जात गुरगुरत होता, किंचित उतरलेला.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी माझंच सांगत बसलो.
की सगळे पंचम अगदी खरे लावत गेलं
तर बाराव्याला सूर घरी परतत नाही,
थोडा पुढेच निघून जातो.
म्हणून प्रत्येक पंचमातून केसभर खरेपणा काढून घ्यायचा,
कुणाला कळणार नाही इतका.
तेव्हा कुठे सगळ्या पट्ट्यांत वाजवता येतं.

तिने ऐकून घेतलं, नर्सेस ऐकतात तसं,
नाडीवरचं बोट न काढता.
"छान आहे," म्हणाली. "पण इथे शून्य."
आणि शून्य टाकलं.
लाल गेलं.

सोमवारी पायपुसण्यावर पुन्हा पाकीट, या वेळी पांढरं.
आत नोटा, वर चिठ्ठी:
नोव्हेंबरचं. पावती हवी.
आता हे कुठल्या तिमाहीत धरायचं,
ते तिलाच विचारावं लागणार, आणि ती झोपलीय.

पावती मात्र लिहिली. शाईने.
फोटो काढला. हात हलला.
पुन्हा हलला.
चौथ्यांदा टिक.