चतुःसीमा

साडेसातला मोजणी सुरू केली, तरी उशीरच झाला.
हतनूरच्या फुगवट्यात एप्रिलअखेर
पाठ वर काढून बसलेलं बेट.
त्याला संरक्षण द्यायचं, असं वरून पत्र:
नदी सुरय, विणीचा हंगाम, मनाई क्षेत्र,
सोबत हद्दीचा नकाशा जोडावा.

नकाशा म्हणजे मी.

सुपडू भोईच्या होडीत फळी, साखळी, झेंड्या,
मागे वनरक्षक जुलेखा तडवी, रुमालात तोंड बांधून.
"गट नंबर?" मी सवयीनं विचारलं.
सुपडू हसला. "याले कायचा नंबर, साहेब?
गाव बुडालं तवा नंबर बी बुडाले.
शिरपत अण्णाचं केळीचं वावर व्हतं हे.
आज हाये तं हाये, जुलैत नही."

मी लिहू लागलो.
पूर्वेस पाणी.
पश्चिमेस पाणी.
दक्षिणेस पाणी.
उत्तरेसही पाणी, पण गुडघाभर.
जुलेखा म्हणाली, मे लागला की इथून कुत्री येतात
आणि कुत्र्यांमागून वाळूचे ट्रॅक्टर.
बेट मग बेट राहत नाही.
तेव्हा कायद्यात काय लिहायचं?
ती ओळ मी कोरी सोडली.

डोक्यावर सुरयांचा कालवा. काळी टोपी, पिवळी चोच,
भाऊबंदकीत ऐकल्या नाहीत अशा शिव्या.
दहाला वाळू हात लावू देईना.
एक पाखरू पाण्यात पोट बुडवून आलं
आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसलं.
या उन्हात नुसती सावली पुरत नाही.

ईशान्येचा खुंट जिथं येत होता
तिथंच खळगा. तीन अंडी, वाळूच्याच रंगाची.
माझी टाच आणि ती, मध्ये वीतभर.
साखळी म्हणत होती: इथंच.

सत्तावीस वर्षांत कुणाच्या बांधासाठी
खुंट सरकवला नाही मी.
पाकिटं आली, परत गेली.
एका म्हातारीनं पाय धरले होते उटखेड्यात,
तिचंही ऐकलं नाही. ती अजून आठवते.

खुंट सव्वा मीटर पुढं ठोकला, पाण्यात.

जुलेखानं पाहिलं, काही न बोलता
पंचनाम्यावर सही केली. सुपडूचा अंगठा.
भोगवटादाराच्या रकान्यात
शाई लागलेली एक रेघ, तेवढीच.

नकाशा राजपत्रात येईल. कुणी ताडून पाहिला
तर क्षेत्र थोडं जास्त भरेल.
चूक माझी.
दुरुस्तीचा अर्ज कृपया जुलैनंतर करावा.