तारेखालचा निळा

घासतंय कोण, हे आधी कळायला हवं.
माझा संशय तारेवर होता.

एक्क्याण्णव सालचा बोनस, निळी सायकल,
रॉडचे नव्हेत, तारेचे ब्रेक; तेवढीच ऐट.
पुढच्या ब्रेकची काळी तार हँडलखाली वळसा घेऊन
चौकटीच्या मानेला जिथं टेकायची
तिथं दिवाळीच्या आतच
नखाएवढी चंद्रकोर उमटली.
निळ्यातून राखी. राखीतून लोखंड.

फालका बाजारात हल्के मिस्त्रीनं
थुंकी लावून बोट तिथं फिरवलं
आणि सायकल नाही, बोट दाखवलं मला.
“तार नहीं घिसती, बाबूजी, धूल घिसती है.
तार तो बस बैठी रहती है उस पर.”
बोटावर तांबूस पूड होती,
खाणींकडून वाऱ्यावर येते ती.

वीज मंडळासाठी मी मीटर वाचायचो.
लष्करातल्या बोळांत सरळ रस्ता असा नसतोच.
दर दाराशी हँडल वळायचं,
भिंतीला टेकायचं, परत वळायचं,
आणि दर वळणाला ती धूळ
एक बारीक रेघ ओढायची.
मी आकडे वहीत लिहीत होतो.
सायकलीनं नोंद परस्पर ठेवली होती.

हल्केनं तारेवर वॉल्व्ह-ट्यूबचा तुकडा ओवला.
ग्वाल्हेरचा मे महिना; रबर पाघळलं,
चिकट होऊन दुप्पट धूळ धरू लागलं.
मग चपलेचं कातडं. ते पावसात ओलं राहिलं,
आणि खाली गंजानं आपला संसार थाटला.
मग चिकटपट्टी. चार महिन्यांनी सोलली
तर रंगाची पापडी घेऊनच आली.
इतके दिवस मी जपली ती पट्टी.

“माझ्या ब्लाउजचा कोपर विरलाय,” कुमुद म्हणाली,
“त्याला नाही सुचलं कधी ठिगळ.”

शेवटी ठिगळ तिनंच कापलं,
ऋतिजाच्या जुन्या दप्तराचं रेक्झिन,
लांबट, गोल कडांचं.
“टोकं ठेवलीस की तिथूनच उचकटतं.”
रॉकेलच्या बोळ्यानं तिनं मान पुसली,
कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसली,
उघड्या लोखंडावर मुलीचं बिनरंगी नेलपॉलिश दिलं
आणि ते वाळेपर्यंत मला हात लावू दिला नाही.
पंक्चरचं सोल्यूशन लावून
त्याचं ओलेपण मरेतोवर थांबली.
मी घाई करत होतो.
“वाळू दे. ओलं चिकटवलेलं सरकतं.”
मग अंगठ्यानं, मधून कडेकडे, दाबत गेली.

त्यानंतर ती जागा मी विसरलो.
मीटर बदलले, आकडे आपोआप चमकू लागले,
हल्केच्या जागी मोबाइलची कव्हरं आली,
ऋतिजा भोपाळला गेली, चष्म्याचा नंबर वाढला.
सायकल अंगणात उन्हात उभी राहिली,
बाजारापुरती, पिठाच्या गिरणीपुरती.

परवा कंपूत पेंटरकडे नेली,
म्हटलं, निवृत्तीच्या पैशातून तिलाही काहीतरी.
पेंटर म्हणाला, “रंग कौन सा था?”
निळा, मी म्हटलं.
त्यानं सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
ती केव्हाच धुतलेल्या पाटीसारखी झाली होती.
रोज पाहणाऱ्याला हे दिसत नाही.

त्यानं पान्याच्या टोकानं ठिगळ उचकटलं.
रेक्झिन कडकड करत निघालं.
मधोमध ती जुनी चंद्रकोर, तेवढीच, जराही वाढलेली नाही,
आणि तिच्याभोवती चार बोटं निळा.
दुकानातून आणला त्या दिवशीचा.
इतका निळा, की उरलेली सायकल
कुणा दुसऱ्याची वाटावी.
धूळ अडवायला लावलं होतं;
त्यानं ऊन अडवलं, सव्वीस उन्हाळे,
कुणी न सांगता.

“ये वाला मिलाऊँ?” पेंटर डबा हलवत म्हणाला.
“पूरी गाड़ी ऐसी चमकेगी.”
मी मानेवर बोट ठेवून उभा.
मग त्याच्याकडे ठिगळ मागितलं,
आणि विचारलं,
सोल्यूशनची नळी आहे का.