डॅशबोर्डवरचं वाळवण

सकाळी साडेसातला मी बंदरावरून येतो
तेव्हा वैजू दवाखान्याच्या बसला निघालेली असते.
लिफ्टच्या दारात आमचा संसार
एका हातातून दुसऱ्या हातात जातो:
किल्ली, डब्यातली उसळ, दोन मुलं.

जुलै. तिकिटं चौपट.
खालचे सांगलीला गेले, समोरचे कोट्टायमला,
आम्ही अबू शगाऱ्यातच.
बाहेर अठ्ठेचाळीस.

इथे उन्हाळ्यात थंड पाण्याचा नळ चटका देतो,
म्हणून गीझर बंद ठेवायचा
आणि गरम नळातून गार पाणी घ्यायचं.
केतकीला हे फार आवडलंय.
"बाबा, उन्हाळ्यात सगळंच उलटं ना?"
हो. म्हणून तर मी दिवसा झोपतो.
झोपतो म्हणजे सतरंजीवर पालथा पडतो
आणि निनाद माझ्या पाठीवर बंदर चालवतो.
मणका म्हणजे धक्का, काड्यापेट्या कंटेनर.
"क्रेन, हळू! हळू रे!"
ओरडतो थेट माझ्यासारखा.

दहाला आम्ही बर्फाच्या देशात जातो,
कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात, मटारांच्या फ्रीझरपाशी.
दोघं काचेला गाल लावून उभे राहतात.
काउंटरवरची मारिसेल काही म्हणत नाही.
रोज एक काकडी घेतो आम्ही,
प्रवेश फी म्हणून.

तरी दुपार उरतेच.
कार्टूनची, रडण्याची, "आता काय करू?"ची दुपार.

मंगळवारी आईला फोन लावला.
"साबुदाणा भिजव रात्री," ती म्हणाली, "मुलांना चमचे दे,
आणि गच्चीत..." मग तीच थांबली.
गच्चीला कुलूप आहे,
बाल्कनीत काही वाळत घातलं तर नोटीस येते.
"मग ऊन कुठाय तुझ्याकडे?"

ऊन!
मी खिडकीतून खाली पाहिलं.
पार्किंगमध्ये आमची पांढरी गाडी
भट्टीसारखी एकटीच तापत होती.

बुधवारी सकाळी डॅशबोर्डवर प्लास्टिक अंथरलं,
मागच्या काचेपाशी दुसरं.
केतकीच्या पापड्या गोल, शहाण्या.
निनादची एक ओमानच्या नकाशासारखी,
एक नुसतीच सांडलेली.
काचा बोटभर खाली ठेवल्या, दारं लावली
आणि लिफ्टने पळालो वर, चपला चिकटायच्या आत.

मग दर तासाला पाहणी.
वॉचमन गुलझमानखान पहाऱ्याला,
कबुतर आत शिरणार नाही हे माहीत असूनही.
समोरच्या अर्धवट इमारतीखाली कामगार झोपले होते,
साडेबारा ते तीन काम बंद असतं,
तोंडावर फडकी, सावलीच्या कडेपर्यंत पाय दुमडलेले.
निनादने आवाज एकदम खाली आणला:
"बाबा, यांची पण रात्रपाळी असते?"
मला नीटसं उत्तर सुचलं नाही.
आम्ही गरम नळाच्या गार पाण्याच्या
चार बाटल्या भिंतीशी ठेवल्या
आणि पावलं न वाजवता परतलो.

एकला दार उघडलं.
कडा वाळलेल्या, मध्ये अजून ओल.
वाळवणातली हीच वेळ खरी चोरीची.
एक केतकीने उचलली, एक मी,
एक गुलझमानखानने, संशयाने, मग दुसरी बिनसंशयाने.
खारट, चिवट, जिभेला ऊबदार.
ओमान निनादने कुणालाच दिला नाही.
तळण्याजोगत्या उरल्या अकरा.

सहाला वैजूने मला बंदरावर सोडायला गाडी काढली.
चौघांचा हा रोजचा अर्धा तास,
त्यातही दोन सिग्नल लांबले तर बरे.
तिने एसी लावला आणि नाक वर केलं.
"जिरं? गाडीत?"
मागे दोघं एकमेकांकडे बघून फुटायला आलेले.
"काय केलंत रे दिवसभर?"

"काही नाही," केतकी म्हणाली,
"ऊन खाल्लं."