इतिवृत्त, आगरवाडा

ग्रामसभा साडेदहाची. सव्वाअकरापर्यंत आले
पुतू मयेकर, दोन पंच, पंख्याखालचं मांजर,
आणि अर्लीन एत्सिटी,
ॲरिझोनाच्या वाळवंटातून आमची मिठागरं बघायला आलेली.
मी पंचायतीचा सचिव. खुर्ची पुसून दिली, सोडा मागवला,
आणि पेडण्यात कुणालाही विचारतात तसं विचारलं,
तुम्ही कुणापैकी?

प्रश्न तिला भलताच आवडला.
उठून उभी राहिली, साक्षीला उभी राहावी तशी.
आईचं कूळ मिठाची माणसं.
बापाचं, कडू पाणी.
मग आईच्या बापाचं, मग बापाच्या बापाचं,
चार खांब रोवले आणि मगच बसली.
जग आम्हाला नवाहो म्हणतं, म्हणाली. आम्ही म्हणतो दिने.
म्हणजे?
म्हणजे माणसं.
पुतूबाब म्हणाला, मीठ म्हणजे आमच्यापैकीच की ही.

तिच्याकडे राष्ट्र आहे, अध्यक्ष आहे,
मधोमध आरपार भोक पडलेल्या लाल खडकाखाली राजधानी,
आणि एकशे दहा गावसभा.
गणपूर्ती होते का? मी विचारलं. धंद्यातला प्रश्न.
मटणाचा रस्सा ठेवला तर होते, म्हणाली.
दोन्ही पंचांनी एकमेकांकडे पाहिलं.

दुपारी बांधावरून चालत गेलो.
मानशीतून शापोऱ्याचं पाणी आत येत होतं,
पुतूबाब फळीने मीठ ओढत होता, गुडघ्यांपर्यंत पांढरा.
तिने मला विचारलं, ‘दे’ला तुमच्यात किती शब्द?
एकच, मी म्हटलं. दे.
तिच्या भाषेत मिठाचा खडा देण्याचं क्रियापद वेगळं,
पोतं देण्याचं वेगळं,
वाटीतून देण्याचं आणखी वेगळं,
खाचरातला हा ओला लगदा, त्याचंही स्वतःचं.
हातात काय आहे ते क्रियापदालाच ठाऊक असतं.
म्हणून तिच्या आजीच्या तोंडात सरकारी शाळेत साबण कोंबला
तेव्हा नुसते शब्द नाही गेले, ती म्हणाली,
वस्तू धरायची पद्धतच गेली थोडी.
आणि पुढे लढाईत त्याच सरकारला
कुणाला न उघडणारं कुलूप हवं झालं,
तेव्हा हीच भाषा मागितली.
दिली?
दिली. तिने थुंकी गिळली. कुठल्या क्रियापदाने, ते सांगितलं नाही.

मी तिला आमचं काय सांगणार?
घरी कोकणी, वहीत मराठी, अर्जात इंग्रजी.
सत्त्याऐंशी साली माझ्या दोन काकांनी
यावरून जेवत्या ताटावरून उठून
हुमणाचं पातेलं अंगणात फेकलं.
दोघेही शिव्या एकाच भाषेत देत होते.

संध्याकाळी पुतूबाबची सून प्रविशा पोर घेऊन बांधावर आली.
मी मागे सरकलो, पाय घसरला,
बसलो तो थेट खाचरात.
पोर खदखदून हसलं.
अर्लीनने टाळी वाजवली. आमच्याकडे, म्हणाली,
बाळाला पहिल्यांदा हसवणाऱ्याने जेवण घालायचं असतं,
आणि बाळाच्या हाताने सगळ्यांना मीठ द्यायचं,
म्हणजे ते चिक्कू निघत नाही.
प्रविशा म्हणाली, अगो, हा तर शिगम्यापासून हसतोय!
मीठ कुणी दिलं नाही ना, अर्लीन म्हणाली,
मग ते हसणं अजून धरलेलं नाही.

मग त्या इवल्या मुठीत खडे ठेवले.
मूठ उघडायला तयार नव्हती.
पुतूबाबने नातवाची बोटं एकेक करून सोडवली,
मिठाने चिरलेल्या स्वतःच्या बोटांनी, फार हळू.
चार खडे मला मिळाले. ओल्या पँटच्या खिशात ठेवले.
खाल्ल्या मिठाला जागायचं, ते ठाऊक होतं.
न खाता खिशात ठेवलेल्या मिठाला काय करायचं?

रात्री इतिवृत्त लिहायला बसलो.
जेवणाचं अजून बाकी आहे, माझ्यावर.
लिहिलं:
गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
मीठ वाटण्यात आले.
‘वाटण्यात’ खोडलं. बराच वेळ
पेन तसंच धरून होतो.