एक कार्बन कमी

अजमानला, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत
गफूर सारंगची लाँड्री.
मूळचा हर्णैचा. एकोणीस वर्षं
पांढऱ्यातून पांढरं निवडतोय.
दोनशे कंदुरे एका दांड्यावर,
सगळे बिनचेहऱ्याचे,
आणि तो गळ्याच्या शिवणीवरून नुसता अंगठा फिरवतो:
"हा राशिदचा. हा त्याच्या भावाचा, बोटभर आखूड."

मी दिवसभर शारजाला
एका एन्झाइमचा खिसा मोजते.
आयसोल्युसिनच्या मापानं बेतलेला खिसा.
त्यात व्हॅलिनही बसतं.
एक कार्बन कमी, दोन हायड्रोजन कमी,
बाकी तेच नाक, तीच चाल.
मोठं असेल ते दारातच अडकतं.
लहानाला कसं अडवायचं?
लहान कुठेही शिरतं.

म्हणून त्यानं आत दुसरा खिसा काढला, अरुंद,
जिथे चुकून आलेलंच तेवढं मावतं,
आणि तिथे त्याची गाठ तोडून
त्याला पाण्यात सोडून देतात.

काढला म्हणते खरी. काढला कुणी?
डोकं नाही त्याला, डोळा नाही.
आधी तर सगळी ढिलाईच असावी:
एकच आंधळा हात
चारपाच भावंडांना एकाच नावानं हाक मारणारा,
आणि त्यातून बनलेलं प्रथिन कसंबसं उभं.
तेव्हा कसंबसंही पुष्कळ होतं.
मग ज्यांच्या चुका थोड्या कमी
त्यांची पोरं थोडी जास्त.
इतकंच.
अब्जावधी वर्षं, इतकंच.

गफूरला सांगितलं तर इस्त्री उभी करून हसला.
"पहिल्या वर्षी मीपण द्यायचो कुणाचं कुणाला.
मुदीरनं पगार कापला, तेव्हा बोटांना डोळे फुटले."
मागच्या दाराला त्यानं एक खिळा ठोकलाय.
गठ्ठा बांधण्याआधी शेवटचा हात फिरतो;
जरा खटकलं की कपडा खिळ्यावर.

गुरुवारी त्यानं माझा म्हणून
कुणा दुसऱ्याचाच प्रयोगशाळेचा कोट दिला.
एक बटण कमी.
दिवसभर घातला, कुणाला कळलं नाही,
मलाही नाही. संध्याकाळी खिशात
घडी घातलेली चिठ्ठी लागली, मल्याळममध्ये,
खाली पेन्सिलीनं काढलेली बोट.

परत द्यायला गेले.
गफूर रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिला.
"हा सुटला कसा?"
हजारोंत एखादा सुटतो, मी म्हटलं,
सगळ्यात चोख एन्झाइमच्या हातूनही.

त्यानं चिठ्ठी परत घडीवर घडी घातली,
खिशात सरकवली, वरून थापटली.
"ते असू दे. पण बाई,
तुमचा कोट आज कुणी घातला असेल?"