सुट्टीचं कारण

दाढ दुखते म्हणाले असते
तर डॉक्टरांनी लगेच खुर्चीत आडवं केलं असतं,
म्हणून पोट दुखतं असं कळवलं.
दातांच्या दवाखान्यात अकरा वर्षं काढल्यावर
एवढं तरी यायलाच हवं.

सासरे स्टेशनच्या जिन्याशी उभे होते,
डोक्यावर अग्निशमन दलाच्या बँडची टोपी,
बिल्ला काढून घेतलेली.
मला बघताच त्यांनी पोट धरून दाखवलं
आणि एवढ्या मोठ्यांदा कण्हले
की एका शाळकरी पोरानं त्यांना बसायला जागा शोधली.

जिंबोचोत जुन्या पुस्तकांची दुकानं
रस्त्याच्या एकाच अंगाला, उत्तरेकडं तोंड करून बसतात.
ऊन लागलं की कागद विटतो, ते म्हणाले,
आणि स्वतः समोरच्या फुटपाथवर जाऊन
उन्हात उभ्यानं भाजलेलं रताळं खाऊन आले.
"मी विटायचा तेवढा विटलोय."

मग सावलीत शिरलो.
बाहेरच्या खोक्यांत रद्द झालेल्या गाड्यांची वेळापत्रकं,
विषारी अळंबी ओळखायची पुस्तकं,
बाळांच्या नावांचं एक, त्यात सात नावांवर खुणा
आणि सातही पुन्हा खोडलेली.
मी शिंपल्यांचं पुस्तक घेतलं,
समुद्राचा आणि माझा काडीचा संबंध नसताना.
वास कापूर ठेवलेल्या कपाटाचा.
दुकानाच्या हानामुराबाईंनी ते कागदात गुंडाळलं
पाठवण्यांची सवय झालेल्या आईसारखं,
म्हणजे फारसं न बघता.

एक वाजता तळघरातली करी.
सासऱ्यांनी माझाही उकडलेला बटाटा खाल्ला,
म्हणे, तुझं पोट दुखतंय ना.

रेकॉर्डींचं दुकान तिसऱ्या मजल्यावर,
जिना असा की वर जाणाऱ्यानं खाली येणाऱ्याची वाट बघायची.
मालक युकिनारी प्रत्येक रेकॉर्ड अर्धीच वाजवून दाखवतो.
पुरती ऐकली की लोक तृप्त होऊन निघून जातात,
हा त्याचा चाळीस वर्षांचा अनुभव.
सासरे पाकिटं चाळत होते तेव्हा
मी गाण्याकडं नाही, बोटांकडं बघत होते:
पाकीट पुढं ढकलताना प्रत्येक बोट
वेगवेगळं उचललं जात होतं,
जणू खाली भोकं आहेत.

क्लॅरिनेट त्यांनी विकली त्याला आठ वर्षं झाली.
कंटाळा आला, असं घरात सांगितलेलं.
मी काही बोलले नाही कधी.
वरचे पुढचे दात गेले की ओठांना आधार उरत नाही,
फुंक कडेनं निसटते,
हे मला कामामुळं ठाऊक आहे.

खिडकीखाली स्वरलिपींची टोपली, कुठलीही उचला शंभर येन.
एकीत पेन्सिलीनं, दाबून लिहिलेलं:
"इथे श्वास घे, वेंधळ्या."
दोन ओळी खाली: "परत विसरलास."
आणि शेवटच्या पानावर नुसतं एक वर्तुळ,
शाबासकीचं, की चहाच्या कपाचं,
यावर आम्ही बराच वेळ वाद घातला.
युकिनारी म्हणाला, कप.
सासरे म्हणाले, वाजवणाऱ्याला कळतं,
आणि शंभराची नोट नसते म्हणून नाणं शोधत बसले.

परतीच्या गाडीत ते कागद मांडीवर,
टोपी गुडघ्यावर.
बोटं चालू, ओठ मिटलेले, आवाज शून्य.
शेजारची बाई झोपेत माझ्या खांद्यावर कलंडत होती.
मी मोजत होते.
त्या वेंधळ्या पोराच्या ओळीशी
त्यांची छाती अगदी वेळेवर भरून आली,
आणि दोन ओळी खाली
ते विसरले, किंवा मुद्दामच.

दारात नवऱ्यानं विचारलं, पोट कसं आहे?
सासरे माझ्या मागून बूट काढत म्हणाले,
"भरलं."